सोरा, पांढरी आणि आडाचे पाणी

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर तेरखेडा हे गाव आहे. फटाक्यांसाठी हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. फटाक्याच्या दारूची जुनी कृती तीन जिनसांची: ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. यातला सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. कोळसा आणि गंधक झटक्यात जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तो पुरवतो. म्हणून दारू बंद पुडीत, हवेशिवायही पेट घेते.

आता दुसरे चित्र पाहू. मराठवाड्यातील एखाद्या गावाच्या आडाचे पाणी प्रयोगशाळेत तपासून येते. पाणी नितळ, वास नाही, चवही चांगली. अहवालात मात्र एक ओळ असते: नायट्रेट, लिटरला ९० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे ४५. फटाक्याच्या दारूतला आणि या आडातला नायट्रेट आयन एकच. एक नत्राचा अणू, तीन ऑक्सिजनचे अणू आणि एक ऋण प्रभार.

फटाक्यांचा सोरा विहिरीत उतरतो, असे मला मुळीच सुचवायचे नाही. आडातल्या नायट्रेटचा उगम बहुतेक वेळा फार घरगुती असतो. प्रश्न लहानसहानही नाही. केंद्रीय भूजल मंडळाने २०२३ साली देशभरातील १५,२५९ ठिकाणचे भूजल तपासले. त्यातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. नायट्रेटचा त्रास सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत धाराशिवचा शेजारी बीड आहे. नांदेड, बुलढाणा, अमरावती, वर्धा, यवतमाळ आणि जळगावही आहेत.

हे पाणी पिण्याजोगे कसे करायचे? शिक्षकांच्या शिबिरात हा प्रश्न निघाला की पहिले उत्तर हमखास येते, ‘उकळून घ्यावे’. हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकते, हे समजण्यासाठी नायट्रेटचा थोडा इतिहास पाहायला हवा.

पांढरीची कमाई

आपल्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान् पिढ्या माणसे आणि गुरे जिथे राहिली, तिथली माती राख, शेण, मूत्र, खरकटे आणि पडलेल्या भिंती यांनी भरलेली असते. जुन्या ओसाड पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकण्याची रीत दख्खनमध्ये होती. पीक चांगले येते, हा शेतकऱ्यांचा अनुभव होता. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र या रीतीने रडवले आहे, कारण मातीबरोबर जुनी खापरे आणि नाणीही शेतात गेली.

पीक चांगले येण्यामागे एक कारण नत्राचे आहे. शेणामूत्रातील नत्र जमिनीत आधी अमोनियाच्या रूपात येतो आणि मग त्याचा नायट्रेट होतो. जगभरात कित्येक शतके सोरा मिळवण्याची वाट हीच होती. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये राजाच्या माणसांना लोकांच्या गोठ्यांची आणि तळघरांची जमीन खणून सोऱ्याची माती नेण्याचा अधिकार होता. लोक त्यांना फार वैतागलेले असत. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक गावठाणाची खारी माती खरवडत, पाण्यात भिजवून तिचे पाणी गाळत आणि ते आटवून सोऱ्याचे खडे काढत. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज कंपन्यांनी पाटण्याला वखारी घातल्या, त्यामागे या सोऱ्याचे मोठे आकर्षण होते. युरोपातील तोफांना लागणारी दारू बऱ्याच अंशी बिहारी गोठ्यांच्या मातीतून आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

नोनिया लोक माती भिजवून जे करत, तेच पाऊस दरवर्षी आपल्या गावठाणात करतो. फरक एवढाच की गाळलेले पाणी कढईत न जाता आडात जाते.

माती नायट्रेट का अडवत नाही?

माती पाणी गाळून शुद्ध करते, असे आपण वर्गात शिकवतो. ते बरेचसे खरे आहे. मग नायट्रेट कसा सुटतो? याचे उत्तर १८५० साली इंग्लंडमध्ये मिळाले. थॉम्पसन नावाच्या एका जमीनदाराने अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून झिरपू दिले, तेव्हा खालून कॅल्शियम सल्फेट बाहेर आले. जे. थॉमस वे या शेतीरसायनज्ञाने हा प्रयोग पुढे नेला. माती अमोनियम धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम सोडते, हे त्याने दाखवले. आयनांच्या अदलाबदलीचा हा पहिला पद्धतशीर अभ्यास. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते अमोनियमसारखे धन आयन पकडतात. नायट्रेट स्वतः ऋण. त्याला माती धरत नाही. तो पाण्याबरोबर खाली जातो.

अमोनियमचा नायट्रेट कोण करतो, हे कळायला आणखी २७ वर्षे लागली. १८७७ साली श्लेझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपत ठेवले. सुमारे २० दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता. मग नायट्रेट दिसू लागला आणि अमोनिया नाहीसा झाला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच नायट्रेट बनणे थांबले. काम सजीवांचे होते, हे त्यावरून ठरले. १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे काम करणारे जीवाणू वेगळे करून दाखवले.

मराठवाड्याच्या जमिनीत या दोन गोष्टींना तिसरीची जोड मिळते. इथे खाली बेसॉल्टचा काळा खडक आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून वाहते. वरची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. उन्हाळाभर जमिनीत साठलेला नायट्रेट पहिल्या चांगल्या पावसात या भेगांमधून सरळ खाली उतरू शकतो. आडाजवळ उकिरडा, गोठा किंवा शौचालयाचा खड्डा असेल, तर त्याला लांबचा प्रवासही करावा लागत नाही.

विसाव्या शतकात यात रासायनिक खतांची भर पडली. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला आणि १९१३ साली जर्मनीत त्याचा कारखाना सुरू झाला. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील खतकारखाना १९६५ साली उत्पादन देऊ लागला. युरियाने आपले धान्य वाढवले, हे विसरून चालणार नाही. पण पिकाने न उचललेला नत्रही शेवटी नायट्रेट होतो आणि त्याच वाटेने खाली जातो. गावठाणापुरता असलेला प्रश्न अशा रीतीने काळीपर्यंत पोचला.

पाऊलखूण ते धोका

एकोणिसाव्या शतकातील रसायनज्ञ नायट्रेटकडे विष म्हणून पाहत नव्हते. लंडनच्या पाण्याची वर्षानुवर्षे तपासणी करणारे एडवर्ड फ्रँकलंड त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहत. सांडपाणी जमिनीतून जाताना त्यातील घाण कुजून नाहीशी होते, पण मागे नायट्रेट उरतो. म्हणजे पाणी आज कितीही नितळ असले, तरी ते पूर्वी कधीतरी घाणीतून आले आहे. फ्रँकलंड यांनी याला ‘पूर्वीचे सांडपाणी-प्रदूषण’ असे नाव दिले होते. पुढे कॉलरा आणि विषमज्वराचे जंतू सापडले, जंतू मोजता येऊ लागले आणि पाण्यात क्लोरिन घालण्याची पद्धत रूढ झाली. ‘शुद्ध पाणी म्हणजे जंतू नसलेले पाणी’ हे समीकरण पक्के झाले. नायट्रेटची पाऊलखूण मागे पडली.

तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले ते १९४५ साली. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांकडे शेतावरच्या घरांतून निळसर पडलेली तान्ही बाळे आली. त्यांच्या हृदयात दोष नव्हता. ही बाळे बाटलीने दूध पीत होती आणि ते दूध उथळ विहिरींच्या पाण्यात तयार केलेले होते. त्या विहिरींत नायट्रेट भरपूर होता.

बाळाच्या पोटात काय होते? जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाचे रूप बदलतो आणि मेथहिमोग्लोबिन तयार होते. ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तातील विकर हा बदल लगेच उलटवते. पहिल्या काही महिन्यांत बाळाकडे हे विकर कमी असते, जठरातील आम्लही कमी असते. म्हणून ओठ, नखे आणि त्वचा निळी पडू लागते. वेळेवर ओळखले तर डॉक्टर मेथिलीन ब्लू या औषधाने बाळ वाचवू शकतात. निळ्या पडलेल्या बाळाला निळेच औषध!

कॉमली यांनी सुचवले की बाळांच्या पाण्यात नत्र लिटरला १० किंवा फार तर २० मिलिग्रॅम असावा. १९५१ साली वॉल्टन यांनी अमेरिकेतील नोंदी गोळा केल्या. अशी २७८ बाळे आजारी पडली होती आणि ३९ दगावली होती. जिथे पाण्याचा तपास उपलब्ध होता, तिथे १० मिलिग्रॅमच्या खाली एकही रुग्ण नव्हता. नायट्रेट-नत्राचे १० मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेटचे सुमारे ४५ मिलिग्रॅम. अणुभारांवरून (१४ आणि ६२) हे गणित विद्यार्थ्यांना करता येईल. अहवाल वाचताना आकडा नत्राचा आहे की नायट्रेटचा, हे आधी पाहावे, नाहीतर साडेचार पटींची चूक होते. भारतीय मानकात ४५ हाच आकडा आहे. १९९१च्या आवृत्तीत दुसरा स्रोत नसल्यास १०० पर्यंत सूट होती. २०१२च्या आवृत्तीत ती काढून टाकली.

या मर्यादेवर शास्त्रज्ञांत वादही झाले. त्या जुन्या विहिरींत जंतूही होते आणि जुलाबामुळेही बाळाच्या रक्तात मेथहिमोग्लोबिन वाढते, असा एक मुद्दा आहे. उलट बाजूने, डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मर्यादेपेक्षा कमी नायट्रेट असलेल्या पाण्याचाही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो, असे त्यात दिसले. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. एक, आईच्या दुधात नायट्रेट साचत नाही. आई आडाचे पाणी पीत असली तरी तिचे दूध बाळाला चांगले. दोन, पावडरचे दूध किंवा पेज करण्यासाठी असे पाणी वापरू नये.

उकळल्याने काय होते?

उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. तो जिवंत नव्हताच! उलट पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यात राहतो. लिटरला ४० मिलिग्रॅम असलेले एक लिटर पाणी आटवून अर्धा लिटर केले, तर त्याचे प्रमाण ८० होते. बाळासाठी काळजीने जास्त वेळ उकळलेले पाणी अधिक धोक्याचे ठरावे, अशी ही विचित्र गोष्ट आहे. ब्लीचिंग पावडर, तुरटी, मेणबत्तीचा फिल्टर, कापडाची गाळणी, यांपैकी कशानेच नायट्रेट कमी होत नाही.

फ्लुओराइडच्या बाबतीत आपण इतके हतबल नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, नलगोंडा पद्धत शोधली. तुरटी आणि चुना पाण्यात ढवळायचा. फ्लुओराइड गाळाबरोबर खाली बसतो. नायट्रेटसाठी अशी पद्धत का नाही? कारण नेहमीचे सर्व नायट्रेट क्षार पाण्यात विरघळतात. गाळ बनून तळाशी बसेल, असा जोडीदार त्याला मिळत नाही. शाळेतल्या विद्राव्यतेच्या तक्त्यात ‘सर्व नायट्रेट विद्राव्य’ अशी जी ओळ असते, तिचा अर्थ गावाच्या दृष्टीने हा आहे.

तीन वाटा

मग उरतात तीन वाटा. पहिली, आयनांच्या अदलाबदलीची. वे यांनी मातीत पाहिलेली गोष्टच इथे उलट्या प्रभारांवर केली जाते. १९३५ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिने आयन बदलू शकतात, हे दाखवले. धन प्रभार असलेल्या रेझिनच्या मण्यांवर क्लोराइड बसवून ठेवतात. पाणी त्यातून गेले की मणी नायट्रेट घेतात आणि क्लोराइड सोडतात. मणी भरले की मिठाच्या तीव्र पाण्याने धुऊन पुन्हा वापरतात. कॅलिफोर्नियातील मॅकफार्लंड या शेतकरी गावी १९८३ पासून असे संयंत्र चालवले गेले. मात्र साध्या रेझिनला नायट्रेटपेक्षा सल्फेट अधिक प्रिय असते. मणी वेळेवर धुतले नाहीत, तर सल्फेट येऊन धरलेल्या नायट्रेटला हुसकावते आणि बाहेरच्या पाण्यात तो आतल्या पाण्यापेक्षाही जास्त निघतो. नायट्रेटला झुकते माप देणारी रेझिने पुढे निघाली, पण नियमित तपासणीवाचून कोणतेच रेझिन भरवशाचे नाही.

दुसरी वाट उलट्या परासरणाची, म्हणजे आपल्या परिचयाच्या आरओची. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे उपयोगी पटल तयार केले. दाबाखाली पाणी पलीकडे जाते, क्षार बरेचसे अलीकडे राहतात. आपल्या अनेक गावांत आज जे ‘पाण्याचे एटीएम’ दिसते, त्याच्या पोटात याच तत्त्वावर चालणारे पटल असते.

तिसरी वाट जीवाणूंची. १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये गायों आणि द्युपती यांनी नायट्रेटचा पुन्हा नत्रवायू करणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास केला. ऑक्सिजन नसेल तेव्हा हे जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन घेऊन श्वसन करतात. त्यांना खायला अल्कोहोल किंवा अ‍ॅसेटिक आम्लासारखा कार्बनचा पदार्थ द्यावा लागतो. १९८०च्या दशकात फ्रान्समध्येच पिण्याच्या पाण्यासाठी असे प्रकल्प उभे राहिले. यानंतर पाण्यात हवा खेळवणे, ते गाळणे आणि निर्जंतुक करणे भाग असते. काम अर्धवट राहिले तर घातक नायट्राइट मागे उरतो. म्हणून ही पद्धत घरगुती नव्हे.

गेला कुठे?

या तीन वाटांत एक मोठा फरक आहे. रेझिन आणि आरओ नायट्रेट नष्ट करत नाहीत; त्याची जागा बदलतात. वर्गात हे गणित घालून पाहा. लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले १००० लिटर पाणी आरओत सोडले. निम्मे, म्हणजे ५०० लिटर, गोडे पाणी निघाले आणि त्यात लिटरला १० मिलिग्रॅम राहिले. टाकाऊ ५०० लिटरमध्ये किती? एकूण १,००,००० मिलिग्रॅममधून ५,००० वजा जाता ९५,००० उरतात. म्हणजे लिटरला १९०. हे पाणी एटीएमच्या मागच्या नालीत सोडले आणि नाली आडाजवळून गेली, तर आपण आडाला तोच नायट्रेट दुप्पट तीव्र करून परत देतो. हेच पाणी परसातल्या झाडांना किंवा पिकाला बेताने दिले, तर त्यातला नत्र खताचे काम करील. मात्र त्यात इतर क्षारही वाढलेले असतात, हे ध्यानात ठेवावे. खरोखर नायट्रेट संपवतात ते जीवाणू आणि झाडांची मुळे.

काही वेळा यंत्राचीही गरज नसते. ९० मिलिग्रॅमच्या आडाचे एक भाग पाणी आणि तलावाचे किंवा नळाचे १५ मिलिग्रॅमचे दोन भाग पाणी मिसळले, तर मिश्रण ४० वर येते. मिश्रण टाकीतच व्हावे आणि दर ऋतूत तपासले जावे, एवढी दक्षता लागते. दुसरा चांगला स्रोत जवळ असेल, तर बाळांचे पाणी तिथून आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

आणि उगमाचे काय? अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टवर काम केले. त्यांच्या पद्धतीत गुरांखालची मुताने भिजलेली माती फार मोलाची होती. ती काढून खतात मिसळत आणि खाली नवी माती पसरत. नत्र जमिनीखाली न जाता शेतात पोचत असे. गोठ्याची जमीन, आच्छादलेला खतखड्डा, आडापासून लांब शौचालय आणि पिकाला हप्त्याहप्त्याने खत, हे सारे नायट्रेट काढण्याच्या संयंत्राइतकेच ‘जलशुद्धीकरण’ आहे. जमिनीत आधीच उतरलेला नायट्रेट मात्र वर्षानुवर्षे राहू शकतो. म्हणून उगम आवरणे आणि आजचे पाणी शुद्ध करणे ही दोन्ही कामे बरोबरीने करावी लागतात.

शाळेला काय करता येईल?

नायट्रेट तपासण्याच्या सोप्या संचांत बहुधा जस्ताची पूड नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग गुलाबी रंग येतो. ही रंगाची अभिक्रिया १८७९ सालची, पीटर ग्रीस यांची. हे गृहस्थ इंग्लंडमधील बिअरच्या कारखान्यात रसायनज्ञ होते. जलजीवन मिशनमध्ये अनेक गावांना पाणी तपासणीचे संच मिळाले आहेत. ते कपाटात पडून असतील, तर वैधता संपण्यापूर्वी बाहेर काढावेत.

नववी-दहावीच्या मुलांना गावाचा नकाशा काढू द्या. आड, बोअर, हातपंप, उकिरडे, गोठे आणि शौचालयांचे खड्डे त्यावर दाखवा. प्रत्येक स्रोताचे पाणी एकदा मे महिन्यात आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर तपासा. पांढरीतले आणि काळीतले आकडे वेगवेगळ्या रंगांत मांडा. एका नमुन्याचे पाणी आटवून निम्मे करा आणि पुन्हा तपासा. ‘उकळून घ्यावे’ या उत्तराचे काय होते, ते मुले स्वतः पाहतील. संचाचा रंग अंदाज देतो. ज्या स्रोताचा आकडा ४५च्या आसपास किंवा वर दिसेल, त्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा.

आलेला अहवाल शाळेच्या फळ्यावर लिहून थांबू नये. गावात तान्ही बाळे कोणत्या घरी आहेत, हे आशाताई आणि अंगणवाडीताईंना ठाऊक असते. तो आकडा आधी त्यांच्या हाती द्यावा.